अल्प साधने आणि शैक्षणिक मानसशास्त्र : बोर्डी-कोसबाडचा धडा

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात एकलहरे येथे शिक्षक व पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



पन्नास वर्षे एखादी संस्था सातत्याने लोकोपयोगी कार्य करीत राहते, ही गोष्ट कौतुकाची आहे. या मंगल प्रसंगी माझ्यासारख्या एका निवृत्त प्राथमिक शिक्षिकेला आपण व्यासपीठावर बोलावलेत, याबद्दल मी आपली ऋणी आहे. निमंत्रण देण्यास आलेल्या विश्वस्तांनी मला सांगितले की, सुवर्णमहोत्सवाची आठवण म्हणून परिसरातील शाळांना भिंतीवर बसवायचे मोठे डिजिटल फलक भेट द्यावेत असा विचार चालू आहे, आणि त्या अनुषंगाने आधुनिक शिक्षणाविषयी मी चार शब्द बोलावेत. मी होकार दिला. नंतर मात्र दोन रात्री मला नीट झोप लागली नाही. जे बोलावेसे वाटते ते दात्यांसमोर बोलावे की नाही, असा प्रश्न होता. अखेर बोलायचे ठरवले. आपण मोठ्या मनाने ऐकून घ्याल असा विश्वास आहे.

एकलहऱ्याची ओळख बाहेरच्या माणसाला औष्णिक विद्युत केंद्राच्या धुराड्यांवरून होते. नाशिकरोडकडून येताना ती दुरूनच दिसतात. या केंद्रामुळे येथे वसाहत झाली, महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांतून कुटुंबे आली. त्याच परिसरात दिवाळीनंतर आणखी काही कुटुंबे येतात; ती वसाहतीत राहत नाहीत. वीटभट्टीच्या कडेला पाचटाच्या किंवा ताडपत्रीच्या खोपीत त्यांचा संसार असतो, आणि पावसाळा तोंडावर आला की ती निघून जातात. कुणी खानदेशातून येतात, कुणी पेठ-सुरगाण्याकडून. त्यांची मुले आपल्या शाळेच्या पटावर कधी असतात, कधी नसतात. शैक्षणिक मानसशास्त्र हा शब्द मी डी.एड.ला असताना पाठ केला होता. त्याचा अर्थ मला अशाच एका मुलाने शिकवला.

तो नऊ वर्षांचा असेल. त्याचे नाव येथे घेत नाही. घरची बोली अहिराणी. मी फळ्यावर बेचाळीसमधून सतरा वजा करायला सांगितले की तो खाली बघत राही, आणि फार विचारले तर म्हणे, "माले समजनं नही, बाई." शिक्षकखोलीत आमच्यापैकी एकाने त्याच्यासाठी एकाक्षरी शब्द वापरला होता, जो आपल्या मराठी शाळांतून पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे : ढ. मी त्या वेळी काही बोलले नाही, हे आज कबूल करते. एका रविवारी पटनोंदणीच्या कामासाठी मी भट्टीवर गेले. तेथे मुकादम आणि त्या मुलाचा बाप यांच्यात विटांच्या मोजणीवरून वाद चालला होता. अवकाळी पावसाने थापलेल्या काही विटा विरघळल्या होत्या. पंचवीस विटांची एक रांग, अशा चाळीस रांगा म्हणजे हजार विटा, मजुरी हजारामागे. त्यांतल्या सात रांगा गेल्या होत्या. मोठी माणसे आवाज चढवत असताना हा मुलगा शांतपणे म्हणाला, चार रांगांचे शंभर आणि तीन रांगांचे पाऊणशे, म्हणजे पावणेदोनशे गेल्या, सव्वाआठशे राहिल्या. कागद नाही, पेन्सिल नाही, हातचा नाही.

मी स्तब्ध झाले. बेचाळीस वजा सतरा न येणारा मुलगा हजार वजा एकशे पंच्याहत्तर करीत होता.

पुढे माझ्या वाचनात आले की, ब्राझीलमधील रेसिफे शहरात तीन संशोधकांनी नेमकी हीच गोष्ट मोजून पाहिली होती. रस्त्यावर नारळ, फळे विकणाऱ्या पाच मुलांना त्यांनी आधी गिऱ्हाईक होऊन हिशेब विचारले आणि नंतर तीच गणिते कागदावर मांडून दिली. १९८५ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. गाडीवर शंभरातली अठ्ठ्याण्णव उत्तरे बरोबर आली. कागदावर नुसत्या आकड्यांची तीच गणिते दिली तेव्हा शंभरातली सदतीसच्या आसपास. मुले तीच, डोके तेच. बदलले होते ते प्रश्नाचे रूप आणि त्यामागचा अर्थ.

दुसऱ्या दिवशी मी एक चूक केली. कौतुकाच्या भरात त्याला वर्गासमोर उभे केले आणि फळ्यावर हजार वजा एकशे पंच्याहत्तर लिहिले. तो पुन्हा मुका झाला. चाळीस डोळे आपल्याकडे लागलेले असताना माणसाची बुद्धी आधी लाज सांभाळते, मग गणित, हे मी मानसशास्त्राच्या पुस्तकात वाचलेले होते; पण वाचलेले वेळेवर आठवले नाही. मग पंधरा दिवस मी त्याला फळ्यापाशी बोलावलेच नाही. व्हरांड्यात खडे मांडले, दहा-दहाच्या रांगा केल्या. रांग मोडली की दहा सुटे खडे होतात, हे त्याने स्वतः करून पाहिले. हातचा म्हणजे मोडलेली रांग, एवढे समजल्यावर बाकी राहिले ते केवळ लिहिणे. लिहिणे आठवडाभरात आले. साधन किती? ओंजळभर खडे.

हे खडे माझी कल्पना नव्हती. ती महाराष्ट्रात फार आधी रुजवली गेली आहे, आणि ती कुणी रुजवली याची आठवण आज या व्यासपीठावरून करणे मला आवश्यक वाटते.

ताराबाई मोडक यांचा जन्म १८९२ चा. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात त्यांनी बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. डॉ. मारिया माँटेसोरींनी १९०७ साली रोममधील गरीब वस्तीत पहिले बालगृह काढले होते. परंतु भारतात येईपर्यंत त्यांची पद्धत श्रीमंतांच्या घरची होऊन बसली होती. गुलाबी मनोरा, लाकडी दट्टे, मण्यांच्या माळा, सगळे मापात कोरलेले आणि महाग. ताराबाईंना प्रश्न पडला की, इंद्रियशिक्षणाचे तत्त्व लाकडाच्या त्या तुकड्यांत आहे की मुलाच्या हातात? १९४५ मध्ये त्यांनी समुद्रकाठच्या बोर्डी गावी ग्रामबालशिक्षा केंद्र सुरू केले. तेव्हाचा ठाणे जिल्हा, आजचा पालघर. तेथे त्यांना अनुताई वाघ येऊन मिळाल्या. बालविधवा असलेल्या अनुताई स्वतःच्या जिद्दीने शिकल्या होत्या, आणि आपल्या नाशिक जिल्ह्याच्या ग्रामीण भागात त्यांनी तरुणपणी काही काळ शिक्षिकेचे काम केले होते, हे आपणा सर्वांना अभिमानास्पद वाटावे.

बोर्डीला बालवाडी सुरू झाली, पण ज्यांच्यासाठी ती होती त्या दलित वस्तीतील मुले येईनात. आईबाप मजुरीला जात, मोठी मुलगी धाकट्याला कडेवर घेऊन बसे. मुलांना कोण आणून सोडणार? या ठिकाणी दुसऱ्या एखाद्या संस्थेने पालकांच्या अनास्थेवर एक लेख लिहिला असता. ताराबाई आणि अनुताईंनी शाळाच उचलून वस्तीत नेली. कुणाच्या तरी अंगणात झाडलोट करायची, मुलांचे हातपाय-तोंड धुवायचे, केस विंचरायचे, आणि मग गाणी, गोष्टी, खेळ. अंगणात भरणारी म्हणून अंगणवाडी. आज देशभर रूढ झालेल्या या शब्दाचे जनकत्व ताराबाईंकडे जाते. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांनी सुरू झाली, तेव्हा तिच्या केंद्रांना हेच नाव लाभले. ते पाहायला ताराबाई नव्हत्या. १९७३ मध्ये त्यांचे निधन झाले होते.

साधनांचे त्यांनी काय केले ते शिक्षकांनी लक्षपूर्वक ऐकावे. मोजायला समुद्रावरचे शिंपले. लहान-मोठे लावायला दगड. रंग ओळखायला फुले आणि पाने. खरखरीत-गुळगुळीत समजायला झाडांच्या साली. आकार करायला चिकणमाती. बांबू, बिया, गवत, काड्या. महागड्या साहित्यात नसलेला एक गुण या वस्तूंत होता : त्या मुलाच्या ओळखीच्या होत्या. अनोळखी वस्तू हाती आली की मुलाच्या मनाचा निम्मा जोर त्या वस्तूची ओळख करून घेण्यात जातो. शिंपला हाती आला की सारे लक्ष मोजण्याकडे राहते. वस्तू तुटली तर कुणी रागावत नाही, हा आणखी एक लाभ. शाळेच्या कपाटात कुलपात ठेवलेले शैक्षणिक साहित्य मी आयुष्यभर पाहत आले आहे, म्हणून हे आवर्जून सांगते.

१९५७ च्या सुमारास हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथे वारली मुले, त्यांची भाषा निराळी, दिवस निराळा. सहा-सात वर्षांचे पोर गुरे राखायला जाते; शाळेच्या घंटेशी त्याचे काय देणेघेणे? तेव्हा शिक्षक गुरांमागे कुरणात गेले आणि कुरणशाळा जन्मली. धाकटे भावंड सांभाळावे लागते म्हणून मुलगी येत नाही, तर पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. तिला विकासवाडी म्हटले. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण आणि अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री मिळाली. अनुताई १९९२ पर्यंत कार्यरत होत्या. या दोघींनी मानसशास्त्रावर वादविवाद फारसे केले नाहीत. मूल का येत नाही, का बोलत नाही, का रडते, हे त्या पाहत आणि व्यवस्था बदलत. माझ्या मते शैक्षणिक मानसशास्त्र याहून वेगळे काही असू नये.

शाळा गुरांमागे नेण्याचा विचार कोसबाडपुरता राहिला नाही. दूर आफ्रिकेतील सोमालियाचेच पाहा. १९७२ मध्ये तेथे सोमाली भाषेसाठी रोमन लिपी स्वीकारली गेली. तोवर लाखो लोकांची बोलण्याची भाषा एक आणि शाळेतली भाषा इंग्रजी, इटालियन किंवा अरबी अशी स्थिती होती. १९७४ मध्ये शहरांतील वरच्या वर्गांच्या शाळा वर्षभर बंद ठेवून विद्यार्थी आणि शिक्षक उंट राखणाऱ्या भटक्या कुटुंबांमध्ये अक्षरे शिकवायला पाठवले गेले. नंतरच्या यादवीत तेथील शाळांची काय दशा झाली ते सर्वज्ञात आहे. परंतु मायबोलीत शिकवा आणि मुलाच्या ठिकाणी जा, या दोन गोष्टी त्या गरीब देशाला सुचल्या. आमच्या वर्गात अहिराणी किंवा कोकणा बोलणाऱ्या मुलाला आम्ही पहिल्याच दिवशी 'शुद्ध बोल' म्हणतो आणि मग तो बोलत नाही म्हणून तक्रार करतो.

आता जरा वेगळ्या मुद्द्याकडे वळते. लेव्ह व्हिगॉत्स्की या रशियन मानसशास्त्रज्ञाने सांगितले की, मुलाला जे एकट्याने जमते आणि जे कुणाच्या मदतीने जमते, या दोहोंमधल्या जागेत शिक्षण घडते. पुढे ब्रूनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये या मदतीला परांचीची उपमा दिली. एकलहऱ्यात परांची समजावून सांगावी लागत नाही. धुराडे बांधताना ती लागते, बांधून झाले की काढतात. आणि ती बांधकाम जेथवर आले असेल तेथेच बांधतात. पहिल्या मजल्याची भिंत उभी राहायची असताना पाचव्या मजल्यावर परांची बांधून काय उपयोग? आमच्या वर्गात नेमके हेच चालते. मूल पाचवीत बसले म्हणून पाचवीचे पुस्तक उघडायचे. देशातील ग्रामीण भागात पाचवीतील सुमारे निम्म्या मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता येत नाही, हे 'असर' अहवाल २००५ पासून कमी-अधिक फरकाने सांगत आले आहेत.

यावर उपायही महाराष्ट्रातच सापडला. १९९५ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या 'प्रथम' या संस्थेने वस्तीतील माध्यमिक शिक्षण घेतलेल्या मुलींना थोडे प्रशिक्षण देऊन बालसखी म्हणून नेमले. मागे राहिलेल्या मुलांना त्या दिवसातून दोन तास वेगळे घेऊन बसत. मुंबई आणि वडोदऱ्यात त्याचे काटेकोर परीक्षण झाले आणि मुलांची प्रगती स्पष्ट दिसली. हे परीक्षण करणाऱ्यांतील अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांना २०१९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे इयत्तेऐवजी पातळीनुसार गट करण्याची ही रीत आफ्रिकेतील देशांनीही उचलली.

त्याच वर्षीच्या पारितोषिकाचे तिसरे मानकरी मायकेल क्रेमर. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केनियातील ग्रामीण शाळांना पाठ्यपुस्तके मोफत देऊन काय होते ते तपासले होते. पुस्तकेच नसलेल्या शाळा. पुस्तके मिळाली म्हणजे निकाल सुधारणारच, असे कुणालाही वाटेल. सरासरी मुलाच्या गुणांत फरक पडला नाही. आधीच हुशार असलेल्यांना तेवढा लाभ झाला. पुस्तके इंग्रजीत होती आणि बहुतेक मुलांची ती तिसरी भाषा होती. दान उत्तम होते, हेतू निर्मळ होता. परांची मात्र पाचव्या मजल्यावर बांधली गेली.

विश्वस्तांनी गैरसमज करून घेऊ नये. यंत्राशी माझे वैर नाही. वडोदऱ्याच्याच त्या प्रयोगात संगणकावर गणिताचे खेळ दिलेल्या मुलांचे गणित चांगले सुधारले होते. पण तेथे एका संगणकापाशी दोनच मुले बसत आणि खेळ त्यांच्या कुवतीप्रमाणे सोपा-अवघड होत असे. भिंतीवरच्या मोठ्या फलकासमोर चाळीस मुले बसतात आणि चित्र सर्वांसाठी एकाच वेगाने सरकते. भट्टीवरच्या मुलाचे बोट त्यावर कधी पोहोचणार?

उजळणीबद्दल थोडे बोलून घेते, कारण त्याला पैसा लागत नाही. जर्मनीतील एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवर प्रयोग करून दाखवले की, एकदाच पुष्कळ घोकण्यापेक्षा दिवसांचे अंतर ठेवून थोडे थोडे आठवलेले अधिक टिकते. आपल्या पाठशाळेत नवी गाथा देण्याआधी मागच्या गाथा म्हणवून घेण्याचा प्रघात आहे. तो याच तत्त्वावर उभा आहे. पुस्तक मिटून आठवायला लावणे हीसुद्धा तेथील जुनी रीत आहे. अर्थ उलगडून सांगण्याची जोड तिला मिळते तेथे ती उत्तम ठरते. मिळत नाही तेथे केवळ जीभ तयार होते. पाठशाळेच्या ताई समोर बसल्या आहेत, त्या माझ्याशी सहमत होतील असे वाटते. शाळेत मात्र आम्ही धडा संपवतो, आणि घटक चाचणी येईपर्यंत त्याच्याकडे वळूनही पाहत नाही.

मुलांनी मुलांना शिकवणे हेही आपल्याकडचेच. अँड्र्यू बेल हे पाद्री मद्रासला १७८९ पासून एक अनाथाश्रम पाहत होते. गावठी शाळेतली मुले वाळूत बोटाने अक्षरे गिरवताना त्यांनी पाहिली. ती रीत त्यांनी आपल्या शाळेत आणली, मोठ्या मुलांना लहानांवर नेमले आणि १७९७ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. मग ती 'मद्रास पद्धत' म्हणून इंग्लंडला गेली. आमच्या आजोबांच्या पिढीने धुळाक्षरे गिरवली, तीही हीच. ती चुकली तर पुसण्याचे भय नाही, पाटी फुटण्याचे नाही. आता सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटच्या जिल्हा परिषद शाळांनी वर्गाची फरशीच रंगवून फळा केली, आणि ते पाहायला राज्यभरातून शिक्षक गेले.

त्या मुलाचे पुढे काय झाले, असे आपल्या मनात आले असेल. गणित त्याला आले. वाचन यायचे होते. मी जोडाक्षरांपर्यंत पोहोचले होते. मे महिन्याच्या शेवटी भट्टी बंद झाली आणि ते कुटुंब गावाकडे गेले. जाण्याआधी त्याचा बाप मुकादमाच्या वहीतल्या हिशेबाचा कागद घेऊन माझ्याकडे आला होता. दिवाळीपूर्वी घेतलेली उचल किती फिटली, किती राहिली, ते त्याला समजून घ्यायचे होते. मुलगा शेजारी उभा होता. विटांचे आकडे त्याने भराभर तपासले. पण कोणता आकडा मजुरीचा, कोणता किराण्याचा आणि कोणता जुन्या बाकीचा, हे आकड्यांपुढच्या शब्दांत लिहिले होते, आणि ते शब्द त्याला वाचता आले नाहीत. ते मी वाचून दाखवले. पुढल्या हंगामात ते कुटुंब दुसऱ्या कुठल्यातरी भट्टीवर गेले असावे. मला तो पुन्हा दिसला नाही. आणखी दोन महिने मिळते, किंवा त्या वर्षी माझ्या वर्गात दोन तास बसणारी एखादी मदतनीस असती, तर ते शब्द त्याने स्वतः वाचले असते, असे मला अजून वाटते.

म्हणून विश्वस्तांपुढे एक विनंती ठेवते. एका फलकाला जो खर्च येतो, त्यात गावातल्याच एखाद्या बारावी झालेल्या मुलीला शाळेच्या हंगामात रोज दोन तासांचे मानधन देता येईल. दिवाळी ते मे या काळात तिला भट्टीवरच्या मुलांसाठी नेमावे. मुले शाळेत न आली तर तिने सतरंजी घेऊन भट्टीवर जावे. तिच्याबरोबर मोठ्या अक्षरांची, चार-चार ओळींची शंभर गोष्टींची पुस्तके द्यावीत, आणि ती कुलपात ठेवू नयेत. फाटली तर फाटू द्यावीत. अहिराणी किंवा कोकणा येणारी मुलगी मिळाली तर फारच चांगले. तिचे प्रशिक्षण मी आणि माझ्या दोन निवृत्त मैत्रिणी विनामूल्य करू. दर महिन्याला प्रत्येक मूल कोणत्या पातळीवर आहे, अक्षर, शब्द, ओळ की गोष्ट, याची एका कागदावर नोंद ठेवू आणि तो कागद ट्रस्टला आणून देऊ.

निर्णय आपला आहे आणि तो जो होईल तो मला मान्य असेल. फक्त तो करण्याआधी, येत्या सोमवारी सकाळी साडेदहाला आपल्यापैकी दोघांनी माझ्यासोबत शाळेत यावे, मागच्या रांगेत अर्धा तास बसावे, आणि तेथून दोन मैलांवरच्या भट्टीपर्यंत चालत यावे. मी फाटकापाशी उभी राहीन.